पाचशे घोडे, बारा सेंटिमीटर

संभाजीनगरजवळच्या सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढायचं आणि काटा ताशी १०० किलोमीटरवर स्थिर ठेवायचा. सतराशे किलोच्या सेडानला तेवढ्या वेगात टिकून राहायला किती ताकद लागते? हवेचा विरोध सुमारे २८० न्यूटन आणि टायर फिरताना होणारा सुमारे २००. दोन्हींची बेरीज वेगाने गुणली की जेमतेम साडेतेरा किलोवॅट, म्हणजे १८ अश्वशक्ती. कारसाठी परवानगी असलेल्या १२० च्या वेगाला हा आकडा २७ पर्यंत जातो. गाडी पाचशे अश्वशक्तीची असेल तर उरलेले पावणेपाचशे घोडे दावणीला उभे.

म्हणूनच अशा स्पोर्ट्स सेडानबरोबर रोज राहणं कठीण की सोपं, हे इंजिनवर फारसं ठरत नाही. ते गाडीच्या पोटाखाली आणि रिमच्या भोवती उरलेल्या काही सेंटिमीटरांवर ठरतं.

मराठवाड्याला अशा गाड्यांचं अप्रूप आता राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा आणि ऑडी जोडल्या गेल्या. (गंमत अशी, की २०२० मधली २४५ अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस परदेशातून तयारच आली, संपूर्ण देशासाठी फक्त २०० गाड्या.) पण या जातीच्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १२० मिलिमीटरवर असतं. गाडी खाली असली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी कलते आणि पोटाखाली कमी हवा शिरते. वेगासाठी हे सगळं उत्तम. आता वाटेत एखादं गाव येऊ द्या.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या वक्राची त्रिज्या १७ मीटर. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.८५ मीटर असलेली गाडी त्यावर बरोबर मधोमध आली, की चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि रस्त्यापासून ४ सेंटिमीटर वर चढलेली असतात. पोटाखालचा उंचवटा त्यांच्यापेक्षा फक्त ६ सेंटिमीटर जास्त. जागा १२ ची, गरज ६ ची. गाडी टेकण्याचा प्रश्नच येत नाही.

गावकऱ्यांनी वैतागून, बहुतेकदा अपघात झाल्यावर, रातोरात घातलेला गतिरोधक फूटभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असतो. पुढची चाकं तो ओलांडून सपाटीवर उतरतात, मागची अजून अलीकडच्या सपाटीवर असतात आणि मधे पोटाला १५ सेंटिमीटर हवे असतात. असतात १२. मागे दोघं-तिघं बसले असतील तर स्प्रिंग दबून त्याहूनही कमी. म्हणजे मानकातला उंचवटा आणि गावातला उंचवटा यांच्या उंचीतला फरक पाचच सेंटिमीटरांचा, पण गाडी घासते ती रुंदीपायी. त्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. मानकातल्या गतिरोधकाला डांबर जास्त लागतं आणि ते आणायला कोणी येत नाही.

‘तिरकी घाल’ या सल्ल्यात भूमिती आहे. गाडी ४५ अंशांत घातली, की समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं गतिरोधकाच्या मध्यरेषेजवळ येतात आणि गाडी जणू आखूड होते: २.८५ मीटरच्या जागी जेमतेम ९० सेंटिमीटरची. उंचवटा मीटरभर रुंद असेल तर ही दोन चाकं पोटाला वर उचलून धरतात. फूटभर असेल तर मधला भाग तिरकं घालूनही वाचत नाही. दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं, म्हणून वेग आधीच कमी करायचा आणि उंचवट्याला चाक लागण्यापूर्वी ब्रेक सोडायचा.

गतिरोधक निदान दिसतो तरी. काळ्या जमिनीवरचा रस्ता जे करतो ते दिसत नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, आणि मे महिन्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डांबराखालची माती झाकलेली असल्यामुळे मधे कमी हलते, कडेची मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते. म्हणून अशा रस्त्यांना कडेने लांबच लांब भेगा जातात आणि पृष्ठभाग लाटांसारखा होतो.

प्रत्येक गाडीला स्प्रिंगवर झुलण्याची स्वतःची एक लय असते. साध्या गाडीत ती सेकंदाला सव्वा वेळ असेल, तर स्पोर्ट्स सेडानमध्ये दीड-पावणेदोन वेळा. ताशी १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे १७ मीटर लांबीच्या लाटा तिच्या लयीशी नेमक्या जुळतात आणि प्रत्येक लाट आधीच्या झोक्यात भर घालते. वेग ८० वर आणला की ताल चुकतो. इथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते: लांब लाटांवर कडक गाडीच बरी. तिचे शॉकअप झोका एका फेरीतच मारतात, तर मऊ गाडी होडीसारखी हेलकावत राहते.

पण त्याच रस्त्यावर खड्डे बुजवून ठिगळं लावलेली असतील आणि ती अडीच-अडीच मीटरवर असतील, तर ५० च्या वेगाला सेकंदाला साडेपाच धक्के बसतात. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या कंपनांना सर्वात हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ धक्क्यांच्या पट्ट्यात. कडक स्प्रिंग आणि शॉकअप नेमकं हेच कंपन सीटपर्यंत पोहोचवतात. घरच्यांची तक्रार येते ती इथे, आणि ती रास्त असते.

टायरवर २४५/३५ आर १९ असं लिहिलेलं असेल तर रबराच्या भिंतीची उंची २४५ चे ३५ टक्के, म्हणजे ८६ मिलिमीटर. साध्या सेडानच्या १९५/६५ आर १५ ची १२७. खड्ड्याच्या धारेवर टायर दबत दबत रिमपर्यंत पोहोचला, की भिंतीतले धागे रिम आणि दगडाच्या मधे चेचले जातात आणि टायरला फुगा येतो. दबायला जागा जितकी कमी, तितका धक्का पचवण्याची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते; बाकी सगळं सारखं धरलं तर इथे निम्म्याहून कमी. फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, तो बदलावाच लागतो.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असं आपल्याकडे अजूनही सर्रास सांगतात. पहाटे २५ अंशांना ३५ पीएसआय भरलेली हवा ४५ अंशांना ३८ च्या घरात जाते, हे खरं. पण टायर त्यासाठीच बनवलेला असतो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आणि वाकून सरळ होताना रबर काही ऊर्जा उष्णतेत घालवतं. समृद्धीवर तासभर १२० ने गेल्यावर ही उष्णता साठत जाते. हवा गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याइतकीच भरायची, तीही टायर गार असताना.

इंजिनाचं उन्हाळ्याशी मात्र बरं जमतं. ४२ अंशांची हवा २२ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्के विरळ असते, संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यामुळे आणखी तेवढीच घट. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जास्त वेगाने फिरून ती भरून काढतो. पण दाबलेली हवा शंभर अंशांच्या बरीच पुढे तापते आणि तिला थंड करणारा इंटरकूलर तिला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. ठिणगीने लागलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेलं गरम मिश्रण स्वतःच पेटलं की नॉकिंग होतं. इंजिनावर बसवलेला सेन्सर तो आवाज ऐकतो आणि संगणक ठिणगी काही अंशांनी उशिरा टाकतो. ताकद घटते. पण लागतात अठरा घोडे, तेव्हा कळतं कोणाला?

नॉकिंगला एक उतारा पेट्रोलमध्येच आला आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला न जुमानण्याचा आकडा, १०८ च्या आसपास असतो आणि वाफ होताना तो पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतो. म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टर्बो इंजिनाला उन्हात मदतच करतं. मात्र लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज सहा-सात टक्के उतरणार. शिवाय जुन्या आयात गाडीचे रबरी पाइप आणि सील त्याला चालतात का, हे मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. यातलं काही इथेनॉल उसातून येतं. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या आसपासही तो ऊस उभा असतो.