स्किझोफ्रेनिया आणि घरातल्या बोलण्याचा सूर

मुलाला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे असं कळलं की आईच्या मनात पहिलं येतं ते हेच, की माझं काही चुकलं का? आणि एक काळ असा होता की डॉक्टरच तिला हो म्हणायचे. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या नावाजलेल्या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी कल्पना मांडली, आणि पुढे कितीतरी वर्षं कितीतरी आयांनी तो आरोप निमूट सोसला. तो आरोप चुकीचा होता. या आजारात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, मेंदूतल्या डोपामाइनसारख्या रसायनांचं गणित बिघडतं, आईच्या वागण्याने तो होत नाही. हे आधीच ठासून सांगतेय, कारण पुढचं अर्धवट वाचलं तर सगळं परत तिच्यावरच यायचं.

तर 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळालेल्या पेशंट्सचं पुढे काय होतं ते बघत होते. त्यात दिसलं असं की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले लोक पुन्हा जास्त आजारी पडतायत आणि भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणारे त्यामानाने टिकून आहेत. जिथे माया जास्त तिथेच त्रास जास्त, असं कसं? मग घरच्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करून ऐकल्या, आणि त्यात काय बोलले यापेक्षा कुठल्या सुरात बोलले त्याला महत्त्व दिलं. टीका, राग-तिटकारा आणि अति गुंतणं या तीन गोष्टी मोजल्या, याला एक्सप्रेस्ड इमोशन म्हणतात. 1976 मध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी आपले आणि ब्राउन यांचे आकडे एकत्र केले तेव्हा हे प्रमाण जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत निम्म्या पेशंट्सचा आजार उलटला, कमी असलेल्या घरांत साधारण आठांत एकाचा. औषधं चालू असली तरी फरक पडतो, औषधं बंद असतील तर मग विचारूच नका.

आता टीका कशावर होते ते बघा. आवाज ऐकू येणं, संशय घेणं हे आजारामुळे आहे हे घरच्यांना पटतं एक वेळ. पण दहा वाजेपर्यंत लोळणं, आंघोळ न करणं, कोणाशी न बोलणं, यावरच जास्त बोललं जातं, कारण हा आळस वाटतो. खरं तर तोही आजारच, उत्साह आटणं हे त्याचं लक्षण आहे आणि गोळ्यांनी ते लवकर जात नाही. "दहा वाजले, अजून पारोसाच, लाज कशी वाटत नाही, तुझ्या वयाची मुलं बघ" हे एक बोलणं, आणि "पाणी तापलंय, आधी तू जातोस की मी जाऊ?" हे दुसरं. काम तेच आहे, पण पहिल्याने तो दार लावून घेतो.

अति गुंतणं आपल्याकडे कोणाला दोष वाटतच नाही. तिशीच्या मुलाला भरवायचं, एकटं कुठे सोडायचं नाही, स्वतःचं देवदर्शन-नातेवाईक सगळं बंद करून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. त्यात आईही संपते आणि त्याला स्वतः काही करायची संधीच मिळत नाही.

आणि हो, हे एकतर्फी नाही. आजार बळावला की घरचे चिडतात, ते चिडले की तो अजून बिथरतो, असं दोन्हीकडून चालतं, त्यामुळे दोषी शोधत बसण्यात अर्थ नाही.

आपल्यासाठी चांगली बातमीही आहे. 1980 च्या दशकात चंदीगडला हाच अभ्यास झाला तेव्हा तिथले नातेवाईक लंडनपेक्षा कितीतरी कमी टीका करणारे निघाले, आणि वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाणही कमी होतं. अर्थात त्यावरून आपली सगळीच घरं शांत असं समजू नका, टोमणे कसे मारायचे ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

सूर बदलता येतो, हे महत्त्वाचं. 1982 मध्ये लेफ यांनी जास्त ताणाच्या घरांसोबत काम केलं, आजार समजावून सांगितला, नातेवाईकांचे गट घेतले, काही घरी जाऊन बोलले. त्यांच्यात नऊ महिन्यांत 9 टक्के पेशंट्सचा आजार उलटला, नुसत्या नेहमीच्या उपचारात 50 टक्क्यांचा. अभ्यास छोटा होता, पण नंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिशा तीच दिसली. समोरासमोरचा वेळ आठवड्याला 35 तासांच्या खाली आणणं हाही त्यातलाच एक भाग होता, म्हणजे त्याने डे केअरला किंवा छोट्याशा कामाला जायचं आणि आईने त्या वेळात भजनी मंडळ पुन्हा चालू करायचं. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, आणि घरच्यांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.