डीएम म्हणेल तेच फायनल? शेअर्ड कॅम्पेनमध्ये नाही
नागपूरच्या टेबलटॉप ग्रुप्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारखे रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांत, कधीपासून फिरतंय, "डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) शब्द फायनल, तो कोणत्याही रूलमधून सूट देऊ शकतो." घरच्या गेमपुरतं हे खरंच आहे, म्हणून तर पटतं. पण ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये, म्हणजे अनेक टेबलांवर मिळून चालणाऱ्या शेअर्ड कॅम्पेनमध्ये, कॅरेक्टर एका टेबलचं नसतं ना, आज धरमपेठेत खेळलेलं तेच शीट (कॅरेक्टरचे आकडे लिहिलेला कागद) पुढच्या रविवारी मनीषनगरात दुसऱ्याच डीएमसमोर येतं. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनचा पॉइंट बाय घ्या, म्हणजे पॉइंट्स खर्चून कॅरेक्टरच्या ताकद, चपळाई अशा क्षमतांचे स्कोअर ठरवायची पद्धत, २७ पॉइंट्स मिळतात, बोनस लावायच्या आधी कुठलाच स्कोअर १५ च्या वर जात नाही, अन् समजा एका डीएमनं दोस्तीखात्यात १८ लिहू दिला, तर तो आकडा प्रत्येक टेबलवर सोबत जातो आणि बाजूच्या नव्या पोराचा १५ फिका पडतो, ज्यानं काही मागितलंच नव्हतं. मला हे खरंच खटकतं.

मॉन्स्टर कमी-जास्त करणं, रूल स्पष्ट नसेल तिथे निर्णय देणं, हे साधारणपणे डीएमकडेच असतं. कोणाला नीट दिसत नसेल तर मोठे फासे द्या, शीट वाचून दाखवा, त्यात रूल मोडतच नाही.

चेक करायचं तर कॅम्पेनची प्लेयर गाइड उघडा, कॅरेक्टर बनवायचा भाग वाचा अन् एवढंच बघा, ही सूट शीटवर बसून पुढच्या टेबलवर जाते का? जात असेल तर आधी कॅम्पेन चालवणाऱ्यांना विचारा.