विद्युत रोध आणि शक्ती : विभवांतर व धारेवरून गणन

विद्युत मंडलातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील विभवांतर (बोलीभाषेत व्होल्टेज) आणि त्यातून वाहणारी धारा (करंट) मोजली, की त्या दोन आकड्यांवरून घटकाचा रोध (धारेला होणारा अडथळा) आणि त्यात खर्च होणारी शक्ती काढता येते. विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती. विभवांतर व्होल्टमध्ये व धारा अँपिअरमध्ये घेतल्यास रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये येते. १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेल्या तारेतून २ अँपिअर धारा वाहत असेल, तर तारेचा रोध ६ ओहम आणि तिच्यात उष्णतेच्या रूपाने खर्च होणारी शक्ती २४ वॅट.

भागाकार नेहमीच करता येतो; पण येणारे उत्तर त्या वस्तूचा कायम गुणधर्म आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. धातूची तार एकाच तापमानात ठेवली तर हे गुणोत्तर बदलत नाही, हे गेऑर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी प्रयोगाने दाखवले. ते तेव्हा कोलोन येथे शिक्षक होते. त्या काळच्या बॅटऱ्यांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरत असे, त्यामुळे मोजमापे जुळेनात. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी तांबे व बिस्मथ यांचे तपयुग्म (दोन धातूंच्या सांध्यांमधील तापमानाच्या फरकातून विभवांतर देणारी जोडी) वापरले : एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून विभवांतरही स्थिर. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, परंतु जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना १८४१ मध्ये मिळाले. त्याच सुमारास जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे मोजून दाखवले.

ओहम आणि ज्यूल यांचे नियम एकत्र केले, की शक्ती तीन प्रकारे लिहिता येते : विभवांतर गुणिले धारा, धारेचा वर्ग गुणिले रोध, किंवा विभवांतराचा वर्ग भागिले रोध. यांपैकी कोणते सूत्र वापरायचे, हे परिस्थिती बदलताना कोणती राशी स्थिर राहते यावरून ठरवावे. घरगुती गिझरवर ‘२००० वॅट, २३० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. यावरून धारा ८.७ अँपिअर आणि रोध २६.४५ ओहम निघतो. वीजपुरवठा १८० व्होल्टपर्यंत घसरला, तर २००० ला १८० ने भागून ‘धारा ११ अँपिअर झाली’ असे काढणे साफ चूक आहे. कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो, म्हणून धारा ६.८ अँपिअरवर येते आणि शक्ती सुमारे १२२५ वॅटवर. विभवांतर २२ टक्क्यांनी घटले, पण शक्ती ३९ टक्क्यांनी; पाणी तापायला लागणारा वेळ त्यामुळेच इतका लांबतो.

शेतीपंपाच्या मोटरचे नेमके उलटे होते. पाणी उचलण्याचा भार साधारण तेवढाच राहतो, म्हणून व्होल्टेज उतरल्यावर मोटर जास्त धारा ओढते. वाइंडिंगमधील (मोटरच्या आतील तारेच्या गुंडाळ्यांमधील) उष्णता धारेच्या वर्गाने वाढते आणि संरक्षण नसेल तर मोटर जळते. चालत्या मोटरच्या बाबतीत विभवांतर भागिले धारा हे गुणोत्तर म्हणजे तारेचा रोध नव्हे; फिरत्या मोटरमध्ये विरोधी विभव निर्माण होते आणि धारेला तेही अडवते.

टंगस्टनच्या दिव्यातही एकच रोध धरून चालत नाही. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर ०.२६ अँपिअर धारा घेतो, म्हणजे पेटलेल्या स्थितीतला रोध सुमारे ८८२ ओहम. तोच दिवा विझवून, थंड करून मल्टिमीटरने तपासला तर आकडा याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. दिवा बिघडलेला नसतो. पेटल्यावर तारेचे तापमान सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तापमानाबरोबर टंगस्टनचा रोध वाढतो. म्हणून विभवांतर व धारा या दोन्ही नोंदी एकाच वेळी, चालू स्थितीतच घ्याव्या लागतात.

मोजमापाची उपकरणेही उत्तरात भर घालतात. अँपिअरमापी एकसरीत आणि व्होल्टमापी समांतर जोडतात. रोध लहान असेल तर व्होल्टमापी थेट रोधाच्या टोकांना लावावा. रोध फार मोठा असेल तर रोध आणि अँपिअरमापी या दोघांच्या मिळून बाहेरच्या टोकांना. १० मेगाओहमचा डिजिटल व्होल्टमापी १ मेगाओहम रोधाला थेट समांतर लावला आणि अँपिअरमापीतून दोघांची एकत्रित धारा घेतली, तर गणिताने रोध ०.९१ मेगाओहम येतो, म्हणजे ९ टक्के कमी.

प्रत्यावर्ती धारेत (एसी, म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या धारेत) विभवांतर व धारा एकाच क्षणी शिखर गाठतीलच असे नाही. अशा वेळी भागाकाराला संरोध म्हणतात आणि खरी शक्ती काढण्यासाठी गुणाकाराला पॉवर फॅक्टरने (गुणाकाराचा किती हिस्सा खरी शक्ती आहे ते सांगणाऱ्या ० ते १ मधील आकड्याने) गुणावे लागते. २३० व्होल्ट, ५ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर शक्ती ११५० नव्हे, ९२० वॅट. वीजबिलातील एक युनिट म्हणजे १००० वॅट शक्ती तासभर वापरणे, अर्थात ३६ लाख ज्यूल ऊर्जा.

एकदिश धारेत (डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेत) पॉवर फॅक्टरची ही दुरुस्ती लागत नाही. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १५०० मेगावॅट क्षमतेची आहे. तिचे दोन ध्रुव (धन व ऋण बाजूच्या तारा) अधिक ५०० आणि उणे ५०० किलोव्होल्टवर असतात. दोहोंमधील विभवांतर १० लाख व्होल्ट, म्हणून पूर्ण क्षमतेला धारा १५०० अँपिअर. एवढीच शक्ती २३० व्होल्टवर न्यायची झाल्यास ६५ लाख अँपिअर लागतील. विभवांतर निम्मे केले तरी धारा दुप्पट आणि त्याच तारांमधील नुकसान चौपट होते. वीज दूर नेताना विभवांतर लाखो व्होल्टपर्यंत चढवण्याचे कारण हेच.