कडक उन्हात कोरोना होत नाही?

२०२० च्या टाळेबंदीत फिरलेला आणि अजूनही अधूनमधून डोकं वर काढणारा निरोप: 'खेड्यातली म्हातारी माणसं दिवसभर उन्हात असतात. ४० अंशांत विषाणू मरतो, त्यांना धोका नाही.'

यात थोडं खरं आहे. भांड्यावर, कठड्यावर पडलेला विषाणू कडक उन्हात लवकर निकामी होतो. पण आजारी कठडा पडत नाही, माणूस पडतो. बाहेर ४५ अंश असले तरी निरोगी शरीर आतून ३७ च्या आसपासच राहतं. उन्हातून येऊन घटकाभर सावलीत बसा आणि थर्मामीटर लावून बघा. विषाणू वाढतो तो याच ३७ अंशांत.

शिवाय मे महिन्यात भर दुपारी उन्हात बसतं कोण? आजोबा माजघरात, दारं लावून, चौघांत पत्ते कुटत असतात. तीच कोंडलेली हवा सगळ्यांच्या नाकात. रानात धोका कमी असतो तो वाऱ्यामुळे आणि अंतरामुळे.

पडताळा हवा तर अकोला घ्या. मे २०२० मध्ये तिथे पारा ४५ च्या पुढे गेला, आणि त्याच महिन्यात रुग्णही वाढत होते.

उतारवयात तहान कमी जाणवते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीही जास्त होते. अशा माणसाला मुद्दाम उन्हात बसवलं तर उष्माघाताचीच भीती जास्त.