फोटोग्राफीतली भावदर्शी रंग-प्रकाशयोजना

समोरची गोष्ट नुसती दिसावी एवढ्यापुरता उजेड न वापरता, त्या जागेचा, माणसाचा किंवा वेळेचा भाव बघणाऱ्यापर्यंत पोचावा म्हणून उजेडाची दिशा, त्याचा मऊपणा, त्याची छटा आणि फ्रेममधल्या रंगांचं आपसातलं नातं मुद्दाम निवडणं, असा या विषयाचा थोडक्यात अर्थ. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ वगैरे माहीत आहे असं इथे धरून चाललोय. उदाहरणं शक्यतो मराठवाड्यातली घेतली आहेत, कारण इथलं ऊन, इथला काळा दगड आणि अजिंठ्याचे रंग या तिन्हींवर बोलल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पूर्णच होत नाही.

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'छायाचित्र' रूढ झाला, 'प्रकाशचित्र' त्या मानाने मागे पडला, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र उजेडाने काढलेलं चित्र असाच आहे. 'फोटोग्राफी' हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८३९ मध्ये चालवला असं सहसा सांगतात, पण ब्राझीलमध्ये राहणाऱ्या एर्क्युल फ्लोरांसच्या वहीत तोच शब्द १८३४ च्या सुमारास सापडतो. दोघांना तो वेगवेगळा सुचला असावा आणि जगभर पसरला तो हर्शेलकडून, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

रंगाचा प्रश्न मात्र रंगीत फिल्म येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड लगेच कळायचा आणि तांबडा जवळजवळ कळायचाच नाही, त्यामुळे निळं आभाळ कोरं पांढरं यायचं आणि तांबडी वस्तू काळी. त्या काळातला नऊवारी नेसलेल्या बाईचा फोटो नीट बघा, कपाळावरचं कुंकू काळं दिसतं, आणि नेसणीचा निळा असेल तर तो फिका, धुतल्यासारखा. आज आपण त्याला 'जुन्या फोटोचा भाव' म्हणतो, पण तो भाव रसायनाने दिलेला आहे, फोटोग्राफरने निवडलेला नाही. सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनाही त्याच मर्यादेत काम करावं लागलं. सगळ्या रंगांना दाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या साधारण १९०६ पासून. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं स्टुडिओत फोटोवर हाताने रंग भरायची पद्धत होती, कुंकवाचा ठिपका, काठाचा पिवळा, दागिन्यांचा सोनेरी.

प्रत्यक्ष रंगीत फोटोची सुरुवात १८६१ मध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने दाखवलेल्या चट्ट्यापट्ट्याच्या रिबिनीपासून धरतात. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळे फोटो काढायचे आणि पडद्यावर एकावर एक टाकायचे अशी ती रीत. गंमत अशी की त्या प्लेटेला लाल कळत नव्हता, तरी प्रयोग जमला. शंभर वर्षांनी खुलासा झाला की रिबिनीचा लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि प्लेटने तेच टिपले असावेत. पुढे १९०७ ला बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण वापरणारी ऑटोक्रोम प्लेट, १९३५ ला कोडाक्रोम ही रंगीत फिल्म. आपल्याकडे रस्त्यावरचा रोजचा रंग गंभीरपणे हाताळणाऱ्यांत रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचं नाव आधी घ्यावं लागतं, आणि ते ज्या काळात रंगात काम करत होते त्या काळात कलेचा फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच असं बऱ्याच जाणकारांचं मत होतं.

आता अजिंठा. इथल्या चित्रांचा काळच वादाचा आहे. नऊ आणि दहा नंबरच्या लेण्यांतली जुनी चित्रं इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपासची मानतात. नंतरचा मोठा टप्पा अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, म्हणजे इ.स. ४६० ते ४८० च्या दरम्यान बसवला, बाकी काही अभ्यासक तो सहाव्या-सातव्या शतकापर्यंत ताणतात. स्पिंक यांचा आखूड कालक्रम आता बऱ्याच जणांना मान्य दिसतो, सगळ्यांना नाही. फोटोग्राफरच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे: ही चित्रं ज्या उजेडात रंगवली तो उजेड कुठला? तेलाचे दिवे म्हणावेत तर काजळी हवी तेवढी दिसत नाही असं एक म्हणणं, धातूच्या आरशाने किंवा पांढऱ्या कापडावरून ऊन आत वळवलं असावं असं दुसरं. दुसरं मत मला जास्त जवळचं वाटतं, कारण बाहेरचं ऊन पांढऱ्या पत्र्यावरून आत टाकून दाखवायची रीत लेण्यांमध्ये अलीकडेपर्यंत होती, आणि असा उलटवलेला उजेड भिंतीवर पडला की चेहऱ्याचा गोलवा कसा उठतो हे एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. ठाम पुरावा कशालाच नाही.

रंग बहुतेक जवळपासच्या मातीचे आणि दगडाचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. निळा तेवढा लांबचा, लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. आणि इथेच सगळी अडचण सुरू होते. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी, निखळणारा गिलावा पक्का केला आणि चित्रांवर शेलॅक म्हणजे लाखेचा लेप दिला. तो लेप काळाने पिवळा पडला. काही जण सगळा दोष त्यांनाच देतात, पण आधी रॉबर्ट गिल आणि नंतर जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळातही नकला काढताना वार्निश लावलं गेलं होतं, तेव्हा हा पिवळेपणा थरावर थर साचत आलेला आहे असं मानणंच न्यायाचं होईल. गिलने १८६० च्या आसपास इथे फोटोही काढले, स्टिरिओ पद्धतीचे, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन जोडफोटो असलेले, अर्थात रंगाशिवाय. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरच्या ग्रंथाच्या, १९३० ते १९५५ दरम्यान निघालेल्या चार भागांसाठी ई. एल. व्हॅसी यांनी जे रंगीत फोटो काढले ते लेप बसल्यानंतरचे. म्हणजे आपल्या डोळ्यात अजिंठ्याचा जो मधासारखा सोनेरी रंग बसलाय त्यातला काही भाग चित्रकाराचा आहे आणि काही भाग लाखेचा. निळ्यावर पिवळा थर आला की तो हिरवट दिसतो, आणि फोटोत व्हाइट बॅलन्स करून, म्हणजे उजेडाची छटा सारखी करून, पिवळा काढला तर गेरूसुद्धा थंड पडतो, एकाच स्लायडरने दोन्ही सांभाळता येत नाहीत. फोटोग्राफर बेनॉय बहल यांनी १९९१ च्या सुमारास अगदी मंद उजेडात, फ्लॅश न वापरता हे काम केलं आणि झाकलेले बरेच रंग समोर आले. फ्लॅश मारला की लेप चकाकतो, चित्र सपाट होतं, शिवाय रंगद्रव्याचं नुकसान, त्यामुळे तिथली फ्लॅशबंदी मनापासून पाळावी.

बाहेरचा उजेड. पुस्तकांत 'गोल्डन अवर' म्हणजे तासभर असं असतं, ते उत्तरेकडच्या देशांचं गणित आहे. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर असल्यापासून मावळेपर्यंतचा वेळ धरला तर आपल्या वीस अंश अक्षांशावर, जिथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तो जेमतेम पंचवीस ते तीस मिनिटं भरतो. म्हणून आधी जागा ठरवायची, ट्रायपॉड लावायचा आणि मग वाट बघायची. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, गोरज. सूर्य खाली असल्याने उजेड हवेच्या जाड थरातून येतो, निळा विखरून जातो आणि तांबूस तेवढा पुढे येतो, शिवाय गुरं परतताना उडालेल्या धुळीमुळे सावल्यांच्या कडा मऊ होतात. उन्हाळ्यात उलट, मे महिन्यात बारा ते वीस तारखांच्या दरम्यान गावागावानुसार सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, तेव्हा माणसाचा फोटो काढायचाच असेल तर ओसरीत घ्यावा, अंगणातल्या उन्हाचा उजेड जमिनीवरून उलटून चेहऱ्यावर येतो तो पुरतो.

वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत मिळणार. दुपार कलल्यावर तिरपं ऊन कैलास मंदिराच्या अंगावर सरकायला लागतं आणि छिन्नीची एकेक खूण उठते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी समजतो म्हणून काळा पाषाण राखेसारखा येतो, एक-दीड स्टॉप कमी करावा. बीबी का मकबऱ्याला याच्या उलट, थोडं वाढवावं. तिथे घुमट संगमरवराचा आणि बरंच बाकीचं काम चुन्याच्या गिलाव्याचं आहे, पहाटेच्या निळसर उजेडात दोन्ही पांढरे वेगळे कळतात, दुपारी एकच होतात. मोबाईलवाल्यांनी एवढं करावं, दिवेलागणीला ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून डेलाइटवर ठेवावा, नाहीतर समईचा तांबूस उजेड तो ट्यूबलाइटसारखा करून टाकतो आणि ज्यासाठी फोटो काढला तेच निघून जातं.

दुष्काळाचे फोटो हा इथला सगळ्यात अवघड भाग. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेचे असंख्य फोटो निघाले. ते एडिट करताना रंग उतरवायचा आणि पिवळा चढवायचा मोह बहुतेकांना होतो, म्हणजे जमीन अजून कोरडी वाटते. हे मला चूक वाटतं. रांगेत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या घागरी गुलाबी, पोपटी, निळ्या असतात, निळ्या ड्रमांवर नावं लिहिलेली असतात, आणि त्या मातकट जमिनीवर तेवढाच रंग असतो. तोच घालवला तर तिथे माणसं घर चालवतायत हे फोटोतून पुसलं जातं.

पैठणीबद्दल थोडकंच. धूपछाव पोतात ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या, त्यामुळे समोरून फ्लॅश टाकला की दोन्ही मिळून तिसराच मळका रंग येतो. पदर खिडकीजवळ आडवा टाकून बाजूचा उजेड घेतला तर चुणीच्या माथ्यावर एक रंग आणि खोलगटात दुसरा असं एकाच फोटोत मिळतं.