दडपशाही आणि हुकूमशाही

१ नोव्हेंबरला बेळगावात काळ्या दिनाची, म्हणजे आमचा मराठी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, फेरी निघते, तेव्हा हे दोन्ही शब्द एका दमात कानावर पडतात. राग खरा असतो, त्यामुळे शब्द तोलत कुणी बसत नाही. पण जगात सध्या जे चाललंय ते पाहता त्यांतला फरक कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

दडपशाही निवडून आलेलं सरकारही करतं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. आजही १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण फुलं वाहतो. २००५ मध्ये सीमाप्रश्नाचा ठराव केला म्हणून महापालिका बरखास्त झाली. ही दडपशाहीच. पण पुढे महापालिकेची निवडणूक पुन्हा झाली. महाराष्ट्राने केलेला २००४ चा सीमादावा सुप्रीम कोर्टात रखडलाय, जीव मेटाकुटीला येतो, तरी तो दावा कुणाला गुंडाळता आलेला नाही.

हुकूमशाहीत दाद मागायची दारंच बंद होतात. म्यानमारच्या लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे सत्ता बळकावली. ती ओळखायला सोपी. मतपेटीतून येणारी फसवी असते. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून नायिब बुकेले २०१९ मध्ये निवडून आले. १ मे २०२१ ला त्यांच्या पक्षाच्या बहुमताची नवी संसद बसली आणि पहिल्याच दिवशी घटनापीठाचे पाच न्यायाधीश आणि देशाचे मुख्य सरकारी वकील घरी पाठवले गेले. नव्या न्यायाधीशांनी बुकेले यांना लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहण्याची वाट मोकळी केली. २०२२ पासून आणीबाणी, वॉरंटाशिवाय हजारोंची धरपकड. २०२५ मध्ये ६० पैकी ५७ मतांनी कितीही वेळा निवडून येण्याची मुभा. गुन्हेगारी टोळ्यांचा उच्छाद थांबला, हे लोकांना हवंच होतं. म्हणूनच एकेक दार बंद होताना टाळ्या पडल्या.

आमच्या शहापुरात चहाच्या टपरीवर एक काका नेहमी म्हणतात, "देशाला एकदा हुकूमशहाच पाहिजे." मराठीतून उतारा मिळावा म्हणून दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच हेच काका घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात जपतात. मी विचारतो, काका, मग ही पोच कुणापुढे धरणार?