चोई मिन-हो

दक्षिण कोरियाचा ज्युदोपटू, गट ६० किलो. जन्म १९८०, गाव गिमचॉन. आडनाव आधी येतं, म्हणजे चोई हे आडनाव आणि मिन-हो हे नाव. कोरियन माणूस चोईचा उच्चार 'च्वे'च्या जवळपास करतो, पण आपल्याकडे स्पेलिंग बघून चोई रूढ झालंय म्हणून इथे तेच ठेवलंय. शिक्षण योंगिन युनिव्हर्सिटीत, कोरियातले बरेच नामी ज्युदोपटू तिथलेच.

२००३ ला ओसाकाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये गोल्ड, त्यामुळे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला त्याच्याकडून मोठी अपेक्षा होती. पण वजन उतरवता उतरवता अंगातलं पाणी गेलं, ऐन लढतीत पायात गोळे आले आणि क्वार्टर फायनलला मंगोलियाच्या त्सागानबातारकडून हरला. पण हरलेल्यांसाठीच्या पुढच्या लढती जिंकून ब्राँझ मिळालं.

बीजिंग, ९ ऑगस्ट २००८. पाच लढती आणि पाचही इप्पोनने. इप्पोन म्हणजे साधारण आपलं चितपट, फरक एवढाच की कुस्तीत दाबत दाबत पाठ टेकवली तरी चालते, इथे फेकीत जोर, वेग आणि ताबा तिन्ही लागतं (धरून ठेवून किंवा गळा आवळूनही इप्पोन मिळतो, तो भाग वेगळा). सेमीफायनलला आदल्या वर्षीचा वर्ल्ड चॅम्पियन, नेदरलंड्सचा हाउकेस. फायनलला ऑस्ट्रियाचा पायशर, त्याला सव्वादोन मिनिटांच्या आतच पाय धरून उचलला आणि पाठीवर आपटला. त्या ऑलिम्पिकमधलं कोरियाचं हे पहिलं गोल्ड. चोई मॅटवरच ढसाढसा रडायला लागला, तेव्हा हरलेल्या पायशरनेच त्याला उठवून त्याचा हात वर केला.

आता त्या डावाबद्दल. कोरियनमध्ये 'दारी-जाबा-मेचिगी', शब्दशः पाय धरून फेकणं, आणि बोलताना सरळ 'ताकजी-चिगी'. ताकजी म्हणजे घडी घातलेले कागदाचे चौकोन, पोरं आपला चौकोन जमिनीवर आपटून दुसऱ्याचा पालथा पाडतात, तसाच माणूस पालटायचा. जपानी नावांत बसवायला गेलं की घोळ होतो, कुणी कुचिकी-ताओशीकडे (पाय धरून मागे पाडणं) नेतं तर कुणी सुकुई-नागेकडे (खालून उचलून फेकणं). दोन्ही हाताच्याच डावांत मोडतात, पण उचल बघता सुकुई-नागे जास्त पटतं. आपल्या पैलवानाला विचाराल तर तो पट काढला म्हणेल आणि विषय संपवेल.

पुढे २०१० पासून थेट पायाला हात घालण्यावर बंदी आली आणि २०१३ च्या सुमारास ती आणखी कडक झाली. ही बंदी चोईमुळेच आली असं म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं, पायावर जाणारे मंगोलियन, जॉर्जियन बरेच होते. कुस्तीपासून वेगळं दिसायचं म्हणून, हे एक कारण सांगतात, पण ताठ उभं राहून खेळलेला ज्युदो परत आणायचा होता हे जास्त खरं वाटतं.

नंतर २०१० च्या ग्वांगझू एशियाडला ब्राँझ. मग गट बदलून ६६ किलोत गेला, पण लंडन २०१२ ची जागा चो जुन-होला मिळाली. पुढे नॅशनल टीमचा कोच.